जहाजाच्या इंजिनाचा धूर : कमी कसा करतात आणि आपला त्याच्याशी संबंध काय?

गोंदियाहून मुंबईचा समुद्र रेल्वेने हजार किलोमीटरच्या आसपास पडतो. आमच्याकडे पाणी म्हणजे वैनगंगा, बाघ नदी, नवेगावबांधचा तलाव आणि इटियाडोहचे धरण. तेथे ढिवर बांधव डोंग्यातून जाळे टाकतात. डोंगा बांबूने आणि हाताने चालतो, त्याला धूर नाही. तेव्हा गोंदियाच्या एका कापड व्यापाऱ्याने जहाजाच्या डिझेल इंजिनावर लिहायला बसावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. जगातील व्यापाराचा ऐंशी टक्क्यांहून अधिक माल वजनाच्या हिशेबाने समुद्रातून जातो. सोलापूरचा टॉवेल, मालेगाव-भिवंडीचे कापड, छत्तीसगड-विदर्भाकडील तांदूळ, हा सारा माल परदेशी जाताना न्हावा शेवा, विशाखापट्टणम, काकीनाडा अशा बंदरांतून जहाजावर चढतो. त्या जहाजाच्या धुराड्यातून काय बाहेर पडते यावर आता कायदा आहे. कायदा आला की खर्च येतो, आणि खर्च शेवटी भाड्याच्या बिलातून आपल्या वहीत उतरतो.

दुसरे कारण आमच्या कारागीर बांधवांचे आहे. डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करणारे, इंजिन बांधणारे, रेडिएटर आणि सायलेन्सरचे काम करणारे कितीतरी हात आपल्या वस्त्यांत आहेत. गोंदियात ते ट्रक, ट्रॅक्टर आणि राइस मिलच्या जनरेटरवर काम करतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा-राजिवड्यात, साखरीनाट्यात तेच काम मासेमारी बोटीवर चालते. इंजिन ट्रकमध्ये असो की बोटीत, आत तेल जळण्याची रीत एकच आहे. म्हणून हा पाठ दोघांच्याही कामाचा आहे.

धुरात असते काय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबाने हवा तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा फवारा मारते. डिझेल स्वतःहून पेट घेते. जर्मनीचे रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आउग्सबुर्ग येथे हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. १९१२ साली डेन्मार्कमध्ये बांधलेले 'सेलांडिया' हे मोठे जहाज डिझेल इंजिनावर कोपनहेगनहून बँकॉकपर्यंत जाऊन आले. त्यानंतर हळूहळू कोळशाच्या आगबोटींचे दिवस संपले. आज मोठ्या मालवाहू जहाजाचे इंजिन हे तेलातील निम्मी शक्ती कामाला लावते. किफायतीच्या बाबतीत जगात त्याच्या तोडीची इंजिने फार थोडी. २००६ साली समुद्रात उतरलेल्या 'एम्मा मर्स्क' या कंटेनर जहाजाला चौदा सिलिंडरचे इंजिन बसवले होते. त्याची शक्ती एक लाख अश्वशक्तीहून अधिक, आणि फेरे मात्र मिनिटाला शंभरच्या जवळपास. आमच्या गिरणीचे इंजिन त्याच्यापुढे मुंगीसारखे.

आता धूर. डोळ्याला दिसतो तो काळा भाग म्हणजे काजळी, अर्थात अर्धवट जळालेले तेल. पण खरे नुकसान करणाऱ्या दोन वस्तू डोळ्याला दिसत नाहीत.

पहिली वस्तू गंधकाची. (आम्ही शाळा उर्दूतून शिकलो, तेथेही हा शब्द 'गंधक'च होता, त्यामुळे निदान एवढ्या रसायनशास्त्राला भाषांतर लागले नाही.) तेलात गंधक असते. ते जळून त्याचा तिखट वायू होतो, हवेतील ओलाव्याशी मिळून तेजाब होतो. हाच तेजाब इंजिनाच्या लायनरलाही खातो, म्हणून जहाजात वंगण तेलात क्षार मिसळलेला असतो.

दुसरी वस्तू नायट्रोजनची. ही तेलातून येत नाही, हवेतून येते. हवेचा मोठा हिस्सा नायट्रोजनच आहे आणि एरवी तो कोणाच्या अध्यात-मध्यात नसतो. परंतु सिलिंडरमध्ये उष्णता दीड हजार अंशांच्या वर गेली की तोच नायट्रोजन प्राणवायूशी जोडला जातो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. श्वासाला ती घातक असतात.

येथे एक पेच आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सारे इलाज या पेचाभोवती फिरतात. इंजिन जितके चांगले जळेल, तितकी आत उष्णता जास्त. काजळी कमी होते, तेल वाचते, पण नायट्रोजनचा वायू वाढतो. उलट उष्णता कमी करावी तर नायट्रोजनचा वायू घटतो, पण काजळी वाढते आणि तेलही जास्त लागते. कापडवाल्यांना हे चटकन कळेल. सुती कापड लांबीला ताणले की पन्ह्यात आखडते. दोन्ही बाजूंनी ताणता येत नाही. तसेच हे आहे.

गंधकाचा हिशेब

गंधकाचे मात्र असे नाही. तेथे सरळ हिशेब आहे, तेलात जितके गंधक तितका वायू.

मोठी जहाजे ट्रकचे डिझेल जाळत नाहीत. रिफायनरीत पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून झाल्यावर तळाला जो दाट, डांबरासारखा गाळ उरतो, त्याचे तेल ती जाळतात. गरम केल्याशिवाय ते वाहतही नाही. स्वस्त म्हणून वापरतात. त्यात गंधक भरपूर. जहाजांबाबतचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय सागरी संघटना लंडनला आहे. तिने १९९७ साली 'मारपोल' करारात हवेच्या प्रदूषणाचे सहावे परिशिष्ट जोडले, ते १९ मे २००५ पासून लागू झाले. भारताने २०११ साली त्यात प्रवेश घेतला. आपल्याकडे त्याची अंमलबजावणी मुंबईतील जहाजवाहतूक महासंचालनालय बघते.

सुरुवातीला तेलात साडेचार टक्के गंधक चालत होते. २०१२ पासून साडेतीन टक्के झाले. १ जानेवारी २०२० पासून एकदम अर्धा टक्का. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन पाहावे. एक टन तेलात साडेतीन टक्के म्हणजे ३५ किलो गंधक. जळाल्यावर गंधकाच्या वजनाइतकाच प्राणवायू त्याला चिकटतो, म्हणजे ७० किलो वायू. अर्धा टक्का केल्यावर हाच आकडा १० किलोवर येतो. आणि आपल्या पेट्रोल पंपावर १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणारे बीएस-सहा डिझेल? त्यात दहा लाख भागांत फक्त १० भाग गंधक. एका टनाला २० ग्रॅम वायू. म्हणजे नवा कडक नियम पाळणाऱ्या जहाजाच्या तेलातसुद्धा गोंदियाच्या ट्रकपेक्षा ५०० पट गंधक असू शकते. उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांवर नियम आणखी कडक आहे, तेथे २०१५ पासून एक दशांश टक्काच चालतो. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रही त्यात आला.

जहाज मालकापुढे तेव्हा दोन रस्ते होते. महाग, कमी गंधकाचे तेल घ्यायचे, किंवा जुनेच स्वस्त तेल जाळून धुराड्यात धूर धुणारे यंत्र बसवायचे. या यंत्राला 'स्क्रबर' म्हणतात. समुद्राचे पाणी वर खेचून धुरावर फवारतात, गंधकाचा वायू पाण्यात विरघळतो, वर स्वच्छ धूर जातो. दोन तेलांच्या भावातील फरकातून यंत्राची किंमत निघते, म्हणून अनेक मोठ्या कंपन्यांनी ते बसवले. पण धुतलेले तेजाबी पाणी जाते कुठे? ज्या यंत्रात साठवण्याची सोय नाही तेथे ते परत समुद्रात. घरातला केर झाडून शेजाऱ्याच्या दारात लोटावा तसाच हा प्रकार, असे आमचे मत आहे. सिंगापूर आणि फुजैरा या बंदरांनी २०२० पासूनच असे पाणी आपल्या हद्दीत सोडायला मनाई केली.

नायट्रोजनचा इलाज

येथे कायदा इंजिनाच्या वयावर बोलतो. २००० नंतर बांधलेल्या जहाजाला पहिली पायरी, २०११ नंतर दुसरी, आणि २०१६ पासून काही ठराविक समुद्रांत तिसरी. मंद फेऱ्यांच्या मोठ्या इंजिनाला पहिल्या पायरीत दर किलोवॅट-तासाला १७ ग्रॅम चालत होते, दुसरीत १४.४, तिसरीत फक्त ३.४.

पहिल्या दोन पायऱ्या इंजिनातच दुरुस्ती करून चढता आल्या. फवारा किंचित उशिरा मारायचा, म्हणजे उष्णतेचे टोक खाली येते. त्याने तेल जास्त जाऊ नये म्हणून दाब वाढवायचा, नोझलची छिद्रे बारीक करायची. नव्या कॉमन रेल पद्धतीत तेल दीड-दोन हजार बार इतक्या दाबाने येते आणि फवारा केव्हा, किती, हे संगणक ठरवतो. दुसरा उपाय म्हणजे थोडा धूर थंड करून परत सिलिंडरमध्ये पाठवणे. त्यात प्राणवायू कमी असल्याने आग नरम पडते.

तिसऱ्या पायरीसाठी मात्र बहुतेकांना धुराच्या नळातच दवाखाना उघडावा लागला. त्यात यूरियाचे पाणी फवारतात. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो, आणि विशिष्ट धातू लावलेल्या जाळीवर अमोनिया व नायट्रोजनची ऑक्साइडे भिडून साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ उरते. बीएस-सहाच्या ट्रकवाल्यांनी ही गोष्ट ओळखली असेल. डिझेलच्या टाकीशेजारी छोटी यूरियाची टाकी असते, ती हीच. ट्रकच्या पाण्यात यूरिया ३२.५ टक्के, जहाजाच्या पाण्यात बहुधा ४० टक्के. आमच्या भागात कोणी कोणी शेतीचा यूरिया पाण्यात घोळून टाकीत ओततो आणि पैसे वाचले म्हणून खूष होतो. शेतीच्या यूरियात इतर पदार्थ असतात, ते जाळीवर बसतात, आणि जाळी गेली की तिची किंमत वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट. शिवाय धूर गार असला तर हा इलाज लागू पडत नाही. साधारण तीनशे अंशांची उष्णता हवी. म्हणून बंदरात हळूहळू शिरणाऱ्या जहाजात, नेमके माणसांच्या वस्तीजवळ, हे यंत्र नीट चालवणे अवघड जाते.

बिलात काय लिहिलेले असते

जानेवारी २०२० मध्ये तेल बदलले तेव्हा जहाज कंपन्यांनी भाड्यावर कमी गंधकाच्या तेलाचा वेगळा आकार लावला. लवकरच महामारी आली, तेलाचे भाव पडले, आणि ती चर्चा मागे राहिली. पण बिलातील ओळ गेली नाही. १ जानेवारी २०२३ पासून जहाजांना 'अ' ते 'ई' असे दर्जे मिळू लागले, किती माल किती अंतर नेताना किती कार्बन सोडला यावर. २०२४ पासून युरोपीय संघाने जहाजाच्या कार्बनला किंमत लावली. पहिल्या वर्षी ४० टक्के कार्बनवर, २०२५ साठी ७० टक्क्यांवर, आणि २०२६ पासून पूर्ण. युरोपला माल पाठवणाऱ्या आमच्या सोलापूर-इचलकरंजीच्या बांधवांना ही ओळ 'ईटीएस' अशा नावाने बिलात दिसते.

साऱ्या जगासाठी अशीच किंमत लावण्याचा प्रस्ताव लंडनच्या संघटनेत आला होता. एप्रिल २०२५ मध्ये त्याला प्राथमिक मान्यता मिळाली, पण ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत निर्णय एक वर्षासाठी पुढे ढकलला गेला. निर्यातदाराने जुन्या दराने लांब मुदतीचा सौदा करताना हे ध्यानात ठेवावे. भाडे कोणाच्या माथी, आणि मध्येच नवा आकार आला तर तो कोणी सोसायचा, हे सौद्यातच लिहून घ्यावे. तोंडी भरवशावर ठेवले तर मग तक्रारीला जागा राहत नाही.

इतर इंधनांची चर्चा येथे थोडक्यात उरकतो. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या जहाजात गंधक जवळजवळ नाही, काजळी नाही. परंतु न जळता निसटणारा मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन वायूच्या ऐंशी पट उष्णता धरतो. मिथेनॉलवर चालणारे पहिले कंटेनर जहाज 'लॉरा मर्स्क' २०२३ साली आले. हे सारे मोठ्यांचे खेळ आहेत.

छोट्या बोटीला कायदा नाही, हिशेब आहे

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. वर सांगितलेला नायट्रोजनचा नियम १३० किलोवॅटच्या वरच्या इंजिनाला आहे, म्हणजे सुमारे १७५ अश्वशक्ती. कोकण किनाऱ्यावरील कितीतरी मासेमारी बोटी याच्या खाली येतात. लंडनचा कायदा त्यांना विचारत नाही. आणि गंधकाचा प्रश्न त्यांच्यापुरता आपोआपच सुटला आहे, कारण त्या पंपावरचेच डिझेल भरतात. उरली काजळी, उरला नायट्रोजनचा वायू, आणि उरला डिझेलचा खर्च. हा धूर कोणाच्या छातीत जातो? मागच्या बाजूला उभ्या खलाशाच्या, इंजिनघरात उतरलेल्या ड्रायव्हरच्या, आणि किनाऱ्यावर ती दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा आहे असे पक्के जाहीर केले. तंबाखूच्या यादीतच त्याला बसवले. आमच्या गॅरेजांत दार लावून, इंजिन चालू ठेवून टॅपेट मारणारे शागीर्द आम्ही रोज बघतो. उस्तादांनी एवढे तरी करावे की इंजिन चालू असताना दार उघडे राहील, आणि शक्य तेथे धुराच्या नळाला पाइप जोडून तो बाहेर काढावा.

बोटीत बहुधा ट्रकचेच इंजिन असते, समुद्रासाठी बदललेले. अशोक लेलँडची इंजिने किनाऱ्यावर खूप चालतात, किर्लोस्करही आहेत. ट्रक आणि बोट यांत एक फरक मात्र जमिनीवरच्या मिस्त्रीला पटकन कळत नाही. ट्रक चढावर दमला की ड्रायव्हर गिअर बदलतो. बोटीत पंखा जो एकदा बसवला तो बसवला. पंखा इंजिनाच्या ताकदीपेक्षा मोठा असला तर इंजिनाला पूर्ण फेरे घेताच येत नाहीत. तेल जाते, हवा पुरत नाही, आणि काळा धूर निघतो. मग तांडेल म्हणतो इंजिनात दम नाही. मिस्त्री पंपाचा स्क्रू उघडून तेल वाढवतो. धूर अधिकच काळा, तेलाचा खर्च दुप्पट वाटावा असा, आणि काही महिन्यांत हेड तापून फाटलेले. दोष पंख्यात होता, पैसे गेले इंजिनावर. म्हणून काळ्या धुराची बोट आली की आधी इंजिन पूर्ण उघडल्यावर फेरे किती होतात ते मोजावे, आणि कंपनीच्या पुस्तकातील आकड्याशी ताडून पाहावे. फेरे कमी भरले, तर पंप-नोझल तपासण्याबरोबर पंखा आणि बोटीचा तळही तपासावा.

तळावर शेवाळ आणि शिंपले चढले तरी हेच होते. पावसाळी बंदीच्या काळात बोट किनाऱ्यावर ओढलेली असते. तळ खरवडून रंग देण्याचे काम तेव्हाच होते, आणि त्याने जे तेल वाचते ते कोणत्याही महागड्या पावडर किंवा चुंबकाने वाचत नाही. 'डिझेलमध्ये टाका, तीस टक्के वाचवा' अशा बाटल्या विकणारे फेरीवाले बंदरावरही येतात आणि आमच्या गोंदियाच्या बाजारातही. घेणाऱ्याने टाकी मोजून, आठ दिवस बाटलीसह आणि आठ दिवस बाटलीविना चालवून पाहावे. फेरीवाला नवव्या दिवशी सापडत नाही.

सर्वांत स्वस्त इलाज चालकाच्या हातात आहे. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते, म्हणजे दोनदा नव्हे तर तीनदा गुणून. समजा एक बोट पूर्ण वेगात तासाला २० लिटर डिझेल जाळते आणि मासेमारीच्या जागी जायला ५ तास घेते. झाले १०० लिटर. आता वेग दहा टक्के कमी केला. नऊ दशांश तीनदा गुणले की ०.७२९, म्हणजे तासाला साडेचौदा लिटरच्या आसपास. वेळ लागेल सुमारे ५ तास ३३ मिनिटे. एकूण डिझेल ८१ लिटर. अर्ध्या तासाच्या बदल्यात १९ लिटर वाचले. एक लिटर डिझेल जळून सुमारे २.६५ किलो कार्बन वायू होतो, तेव्हा ५० किलो वायूही वाचला. जाताना घाई असते, कारण जागा दुसऱ्याने धरू नये. येताना भाव पडायच्या आत लिलाव गाठायचा असतो. हे आम्हाला कळते, आम्हीही व्यापारी आहोत. पण लिलाव सकाळी असेल आणि बोट पहाटे तीनलाच धक्क्याला लागत असेल, तर त्या पूर्ण वेगाचा पैसा कोणाला मिळाला? मोठ्या कंटेनर कंपन्यांनी २००८ च्या मंदीनंतर हेच केले, जहाजे मुद्दाम हळू चालवली.

कोचीन येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कमी डिझेलवर चालणारी 'सागर हरिता' नावाची मासेमारी बोट २०१६ साली पाण्यात उतरवली. हलका सांगाडा, इंजिनाला साजेसा पंखा, वर सौर तावदाने, अशी तिची रचना. केरळातच २०१७ पासून 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट वैकोम येथे चालते, आणि कोचीची विजेवर चालणारी वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. छोट्या अंतराच्या फेऱ्यांना हे जमते, कारण बोट परत त्याच धक्क्याला येऊन चार्ज होते. गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या लाँचींसाठी हा मार्ग विचारात घेण्यासारखा आहे. तीन दिवस खोल समुद्रात राहणाऱ्या मासेमारी बोटीला मात्र आज तरी डिझेलला पर्याय नाही.

मिस्त्री बांधवांसाठी

धुराचा रंग वाचणे हा जुना हुन्नर आहे आणि तो कोणत्याही संगणकाने अजून खोटा ठरवलेला नाही. काळा धूर म्हणजे तेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा. बोटीत इंजिनघराची हवा बघा, कारण बंद, तापलेल्या खोलीतील हवेत प्राणवायू विरळ असतो. मग नोझल, मग वरचा पंखा-तळ. पांढरा धूर म्हणजे तेल न जळता वाफ होऊन जाते आहे. थंड इंजिनात सकाळी थोडा वेळ दिसला तर चिंता नाही. कायम राहिला तर टायमिंग उशिराचे आहे, कॉम्प्रेशन गेले आहे, किंवा गॅसकेटमधून पाणी येते आहे. निळा धूर म्हणजे वंगण तेल जळते आहे, रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडचे काम निघाले.

नोझल टेस्टरवर दाब बघताना नुसता दाब बघून सोडू नये. फवारा धुक्यासारखा सुटतो का, आणि सोडल्यावर टोकाला थेंब लटकतो का, तेही बघावे. थेंब टाकणारे नोझल धूर करते आणि पिस्टनचे डोके जाळते. टायमिंग पुस्तकातील खुणेवर ठेवावे. काही जण दम वाढावा म्हणून ते पुढे सरकवतात. इंजिन खणखणीत वाजते, गिऱ्हाईक खूष होते. पण आत उष्णता वाढून नायट्रोजनचा वायू वाढतो आणि बेअरिंगवर मार बसतो. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे तर पंपाचे मरण आहे. पंपाच्या प्लंजरला वंगण डिझेलचेच मिळते, रॉकेल कोरडे असते. भेसळीच्या या धंद्याने आपल्या राज्यात माणसाचा जीवही घेतला आहे. जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले.

राइस मिल आणि दुकानांत जनरेटर ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या जनरेटरना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे चौथ्या टप्प्याचे कडक नियम लागू झाले आहेत. नव्या संचात फवारा संगणकाच्या ताब्यात असतो आणि मोठ्या संचांत यूरियाची टाकीही येते. घेताना विक्रेत्याकडून सेवा कोण देणार, जवळचा मिस्त्री कुठला, सुटे भाग नागपूरला मिळतात की पुण्याहून मागवावे लागतात, हे लेखी विचारून घ्यावे.

येथूनच एक नवे काम कारागिरांपुढे येत आहे. आजवर भंगारातले ट्रकचे इंजिन आणून बोटीत बसवणे सोपे होते. चार बोल्ट, एक गिअरबॉक्स, पाण्याचा पंप बदलला की झाले. आता भंगारात बीएस-चार आणि बीएस-सहाची इंजिने येऊ लागतील. त्यांचे वायरिंग, सेन्सर आणि संगणकाची डबी सोबत घेतली नाही तर ते इंजिन म्हणजे नुसते लोखंड. यूरियाची जाळी काढून टाकली की संगणक ताकद कापतो. खाऱ्या हवेत सेन्सरची टोके गंजतात, तेव्हा जोडणीच्या वेळीच ती ग्रीस भरून, पाणी न शिरणाऱ्या आवरणात बांधावी लागतात. इंजिनाची चूक वाचणारा स्कॅनर आता गॅरेजमध्ये नोझल टेस्टरच्या शेजारी लागेल. एकट्याला परवडत नसेल तर एका गल्लीतील चार-पाच मिस्त्रींनी मिळून घ्यावा, आणि ज्या शागीर्दाने दहावी केली आहे त्याला आधी त्यावर बसवावे. उस्तादाने धुराचा रंग सांगावा, पोराने पडद्यावरचा आकडा सांगावा, आणि दोन्ही जुळले की मगच पान्हा हातात घ्यावा.